जबड्याचा सांधा पुन्हा उगवेल काय?
(द्वितीय वर्ष, कला)

वाचकहो, हा लेख वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोन्ही हातांची पहिली बोटे दोन्ही कानांच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली काहीतरी आधी फिरते आणि मग पुढे सरकते, असे जाणवेल. तोच आपला जबड्याचा सांधा. आता स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी घाला. बहुतेकांची ती सहज जातील. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःची करंगळीही जात नव्हती.

तो चार वर्षांचा असताना वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत जिना धावत उतरताना हनुवटीवर आपटला. हनुवटी फाटली, जवळच्या दवाखान्यात टाके पडले, आठवड्याने ते निघाले आणि ती गोष्ट सगळे विसरले. कानापुढच्या सांध्याकडे पाहावे, असे ना आम्हांला सुचले, ना कोणी सुचवले. पुढे त्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले. "जेवायला नको म्हणून नखरे करतो," असे आम्ही म्हणत असू. आधी वडापाव तोंडात जाईना, मग चपातीचा घास जाईना. शेवटी वरणभात पातळ करून दातांच्या फटीतून आत सारावा लागे. रात्री तो इतका घोरायचा, की १६० चौरस फुटांच्या खोलीत कोणाचाच डोळा लागत नसे. आजी उठून त्याला कुशीवर वळवी.

तो नऊ वर्षांचा असताना मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. जुळून एक झालेले हाड कापून काढले आणि त्याच्याच बरगडीचा तुकडा तिथे बसवला. तोंड उघडले! पण सहा महिन्यांनी ते पुन्हा थोडे कमी उघडू लागले आणि डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली. त्याच सुमारास एका नातेवाइकाने बाबांच्या मोबाइलवर एक जाहिरात धाडली. मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, इंजेक्शनाने सांध्याची कूर्चा पुन्हा उगवते, असा तिचा दावा होता. खर्च काही लाखांचा. आईने कपाटातून दागिन्यांची डबी काढली. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात तूच शिकलेली. वाच आणि सांग, खरं आहे का हे?"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला होता. तरी उत्तर देणे भाग होते. जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

कावळ्याची चोच

आमच्या संस्कृतच्या बाईंना मी हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान काढून दाखवले. त्यात शरीरातील सांध्यांचे आठ प्रकार दिलेले आहेत. जबड्याच्या सांध्याला तिथे 'वायसतुंड', म्हणजे कावळ्याची चोच, असे नाव आहे. निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून, पट्टीने बांधावा, असा उपचारही त्या ग्रंथात सांगितला आहे. म्हणजे हा सांधा आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

आजचे शास्त्र या सांध्याचे वर्णन असे करते. खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्ही टोकांना एकेक गोलसर गाठ असते. कवटीच्या हाडात तिच्यासाठी खोबण असते. गाठ आणि खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. ती मध्यभागी पातळ आणि कडांना जाड असते. आपण तोंड थोडे उघडतो तेव्हा गाठ बिजागरीसारखी फिरते. मोठा 'आ' करतो तेव्हा ती चकतीसह पुढे घसरते. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे या प्रत्येक क्रियेत हे दोन्ही सांधे एकाच वेळी हलतात. डावा बिघडला तर उजव्यालाही त्रास होतो.

हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असते ते म्हणजे कूर्चा. शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हटलेले असते. आपल्या नाकाचा शेंडा आणि कानाचा वरचा भाग दाबून पाहिला तर कूर्चा कशी असते ते हाताला कळते. तिच्यातही प्रकार आहेत. गुडघ्यातली कूर्चा काचेसारखी नितळ असते, तर जबड्याच्या सांध्यातली कूर्चा तंतुमय, चिवट असते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

न भरून येणारी जखम

हात कापला तर आठ दिवसांत खपली धरते. हाड मोडले तर काही आठवड्यांत जुळते. मग कूर्चाच तेवढी का भरून येत नाही? याचे कारण तिच्या रचनेत आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. जखम भरण्यासाठी लागणारी सामग्री रक्त वाहून आणते. इथे रस्ताच नाही, तर गाडी येणार कोठून? कूर्चेत पेशी थोड्या असतात, एकमेकींपासून दूर, आपापल्या घरट्यात बसलेल्या. त्यांच्या भोवतीच्या पदार्थात बहुतांश पाणी असते आणि ते पाणी तंतूंच्या जाळ्याने धरून ठेवलेले असते. सांधा हलला, दाब पडला आणि सुटला, की स्पंजातून पाणी जावे-यावे तसा सांध्यातला द्राव आतबाहेर होतो. त्यावरच या पेशींचे पोषण चालते. म्हणजे हालचाल हेच कूर्चेचे जेवण होय.

लंडनचे शल्यविशारद विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. पुढची दोन शतके त्यांचे म्हणणे कोणाला फारसे खोटे पाडता आले नाही.

माझ्या भावाच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. मूल हनुवटीवर पडते तेव्हा माराचा धक्का जबड्याच्या हाडातून थेट कानापुढच्या गाठीला बसतो. गाठ मोडते, सांध्यात रक्त साचते, कूर्चा आणि चकती चिरडतात. तोंड दुखते म्हणून मूल जबडा हलवत नाही. मग त्या साचलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड तयार होते आणि गाठ खोबणीला कायमची जुळते. सांधा गोठतो. वाढत्या वयात हे झाले तर खालचा जबडा नीट वाढत नाही, हनुवटी मागे राहते, जीभ मागे सरून झोपेत श्वास अडतो. आम्ही ज्याला घोरणे समजून हसत होतो, ते हे होते.

मुंबईत तोंड न उघडण्याचे आणखी एक कारण फार आढळते, ते म्हणजे सुपारी आणि गुटखा. त्यात गालाच्या आतली कातडी आवळून ताठ होते. सांध्याचा दोष नसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तो रोग सरलेला नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

मांडव, वेल आणि खतपाणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शरीर जी कूर्चा स्वतः दुरुस्त करत नाही, ती बाहेर वाढवून आत बसवता येईल काय? या प्रयत्नालाच ऊती-अभियांत्रिकी असे नाव आहे. ऊती म्हणजे एकाच कामाच्या पेशींचा समूह. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी या दोन अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून या शास्त्राची मांडणी केली, तेव्हापासून ते नावारूपाला आले.

गावी परसात दुधीभोपळा लावतात. बी लागते, वेल चढायला मांडव लागतो आणि वेळच्या वेळी खतपाणी लागते. ऊती-अभियांत्रिकीचेही तसेच आहे. बी म्हणजे जिवंत पेशी. त्या रोग्याच्या बरगडीच्या कूर्चेतून घेता येतात किंवा अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या मूळपेशी वापरता येतात. मूळपेशी म्हणजे अशा पेशी, ज्यांचा धंदा अजून ठरलेला नाही. योग्य सूचना मिळाल्यास त्या हाडाच्या किंवा कूर्चेच्या पेशी बनू शकतात. मांडव म्हणजे त्या पेशींना धरून राहायला दिलेले सच्छिद्र जाळे. आणि खतपाणी म्हणजे वाढीच्या सूचना देणारी द्रव्ये आणि योग्य दाब.

मांडव कशाचा करायचा, हे फार मोठे कोडे आहे. तो इतका टिकाऊ हवा की पेशी स्थिरावेपर्यंत उभा राहील आणि इतका नाशवंत हवा की पेशींनी स्वतःचे जाळे विणले की विरघळून जाईल. शस्त्रक्रियेत आपोआप विरघळणारे टाके घालतात. त्यांतले काही ज्या पदार्थाच्या धाग्याचे असतात, त्या पॉलीग्लायकोलिक आम्लाच्या धाग्यांचे असे मांडव करण्यात आले. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक सौरभ घोष यांच्या गटाने रेशमातील प्रथिनाची 'शाई' करून, तिच्यात पेशी मिसळून, छपाईयंत्राने थरावर थर देत कूर्चा घडवण्याचे काम केले आहे. हे प्राध्यापक तिथल्या वस्त्र आणि तंतू विभागात आहेत, हे वाचून मला माझे आजोबा आठवले. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा कायमचा थांबला. धागा कसा ताणावा, वीण किती घट्ट असावी, हेच प्रश्न आज माणसाच्या सांध्यासाठी विचारले जात आहेत, हे त्यांना ऐकायला आवडले असते.

उंदराचा कान आणि माणसाचा गुडघा

त्या जाहिरातीत एका उंदराचे चित्र होते, ज्याच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला दिसतो. ते चित्र खोटे नाही. पण त्याचा अर्थ तसा नाही. व्हॅकान्टी यांच्याच गटाने १९९७ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाच्या कानाच्या आकाराचा विरघळणारा मांडव करून त्यावर गाईच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि तो उंदराच्या पाठीच्या कातडीखाली ठेवला. त्यात माणसाची एकही पेशी नव्हती आणि तो कान ऐकतही नव्हता. कूर्चेला हवा तो आकार देता येतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तेही थोडे नव्हे.

माणसाच्या बाबतीत गुडघ्याने आघाडी घेतली. स्वीडनमध्ये १९८७ पासून रोग्याची स्वतःची कूर्चा थोडी काढून, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या परत गुडघ्यातल्या खड्ड्यात सोडण्यास सुरुवात झाली. पहिल्या २३ रोग्यांचा अहवाल १९९४ मध्ये आला. आपल्याकडेही २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांनी मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशाच प्रकारच्या उपचाराला परवानगी दिली. पण वाचकांनी नीट पाहावे, की हे सारे गुडघ्याचे आहे. जबड्यातली कूर्चा वेगळ्या जातीची, तिच्यावरचा ताण वेगळा आणि सांधा लहान. गुडघ्याचा चाव्यांचा जुडगा जबड्याच्या कुलपाला चालत नाही.

जबड्याची वाट

मग जबड्यापुरते काम कोठवर आले आहे? हे वाचताना मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले, कारण तिथेही बरगडीच भेटली.

माझ्या भावावर झालेली शस्त्रक्रिया जुनी आहे. बरगडीच्या टोकाला हाड असते आणि त्यापुढे कूर्चा असते. हा जोड जबड्याच्या गाठीसारखाच, आत हाड आणि वर कूर्चेची टोपी असा असल्यामुळे शल्यविशारद तो तुकडा वापरतात. शिवाय मुलाबरोबर तो वाढू शकतो. पण वाढ आपल्या हातात राहत नाही. कधी तो गरजेपेक्षा जास्त वाढतो, कधी वाढत नाही, कधी पुन्हा कवटीला जुळतो. छातीवर दुसरी जखम होते ती निराळीच.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक अथानासिऊ यांच्या गटाने बरगडीचा तुकडा न घेता बरगडीच्या कूर्चेतल्या पेशी तेवढ्या घेतल्या. त्या प्रयोगशाळेत वाढवून, मांडवाशिवाय, एकमेकींना धरून त्यांचा पातळ पापुद्रा होऊ दिला. मग लहान जातीच्या डुकरांच्या जबड्यातली चकती जिथे मुद्दाम पातळ केली होती, तिथे तिच्या थरांमध्ये तो पापुद्रा बसवला. आठ आठवड्यांनी पाहिले तर उपचार केलेल्या चकत्या उपचार न केलेल्यांपेक्षा पुष्कळच चांगल्या भरून आल्या होत्या. हा अहवाल २०१८ चा. डुकरेच का, असे कोणी विचारील. डुक्कर आपल्यासारखे सर्व काही खाते आणि त्याच्या जबड्याचा सांधा आपल्या सांध्याशी पुष्कळ मिळताजुळता आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गॉर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने दुसरी वाट धरली. पेशी धुऊन काढलेल्या हाडाला जबड्याच्या गाठीचा नेमका आकार देऊन, त्यात त्याच डुकराच्या चरबीतल्या मूळपेशी पेरून, हाड आणि वरची कूर्चा दोन्ही एकत्र वाढवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे तुकडे डुकरांच्या जबड्यात सहा महिने ठेवून तपासले गेले आणि तिथे हाड व कूर्चा पुन्हा तयार झाल्याचे आढळले. याच विद्यापीठात २०१६ मध्ये असेही दिसून आले, की जबड्याच्या गाठीवरच्या कूर्चेत स्वतःच्या मूळपेशी दडलेल्या असतात. बाहेरून पेरण्याऐवजी त्यांनाच जागे करता येईल का, हा तिसरा मार्ग. तो सशांवर तपासण्यात आला.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की ससे झाले, डुकरे झाली. माणूस अजून आलेला नाही. प्रयोगशाळेत उगवलेला जबड्याचा सांधा आज कोणत्याही रुग्णालयात नेहमीच्या उपचारात मिळत नाही. जाहिरातीवर माझे उत्तर या एका वाक्यात होते.

घाईची किंमत

"पण करून पाहायला काय हरकत आहे?" आईने विचारले. तिला मी टेफ्लॉनची हकिगत सांगितली. १९८० च्या दशकात अमेरिकेत झिजलेल्या चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉन नावाच्या पदार्थाची कृत्रिम चकती बसवू लागले. हजारो रोग्यांना ती बसवली गेली. चावण्याच्या दाबाखाली तिचे तुकडे पडले, कण सांध्यात पसरले, शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला आणि त्यात रोग्यांची स्वतःची हाडे झिजली. १९९० मध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. तोवर अनेकांची दुखणी पहिल्यापेक्षा वाढली होती. जबडा दिवसभर हलतो. त्यात घातलेली वस्तू चुकीची ठरली तर ती गप्प बसत नाही.

आपल्या देशातही नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतले मूळपेशींचे रोपण वगळता, मूळपेशींचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. अशा चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती नोंदवही कोणालाही मोबाइलवर पाहता येते. तेव्हा कोणी नवा उपचार देऊ केला, तर दोन प्रश्न विचारावेत: चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता? आणि पैसे कशाचे? जाहिरातीतल्या क्रमांकावर मी फोन करून हे दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला उत्तर मिळाले नाही. दुसऱ्याला "सवलत देऊ" असे मिळाले. आईने डबी परत कपाटात ठेवली.

सोळा काड्या

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत कूर्चा वाढवताना नुसते पोषक द्रव्य देऊन भागत नाही. तिच्यावर हलका दाब द्यावा लागतो, सोडावा लागतो, द्रव खेळता ठेवावा लागतो. त्यासाठी खास यंत्रे असतात. दाबाशिवाय वाढलेली कूर्चा बहुधा मऊ आणि दुबळी निघते. म्हणजे उद्या खरोखरच उगवलेला सांधा मिळू लागला, तरी त्याला व्यायाम चुकणार नाही.

आमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यापासून हेच सांगितले होते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दिवसातून अनेक वेळा, महिनोन्महिने. जबडा हलता राहिला नाही तर हाड पुन्हा जुळण्याचा धोका असतो. भाऊ रडायचा, आजीला त्याची दया यायची आणि आम्ही काड्या बाजूला ठेवायचो. तोंड पुन्हा का बंद होऊ लागले, याचे उत्तर आमच्याच घरात होते. ते कळल्यावर मी वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवले. त्याने रडावे, मी मोजावे, असे सुरू झाले. तेव्हा अकरा काड्या जात होत्या. आज सोळा जातात. पुढे काय होईल हे त्याच्या वाढीवर अवलंबून आहे आणि डॉक्टर दर तीन महिन्यांनी मोजतात.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे, की घरातले, शेजारचे मूल हनुवटीवर पडले तर नुसती जखम शिवून थांबू नका. तोंड पूर्ण उघडते का, उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, कानापुढे दुखते का, हे पाहा आणि दंत रुग्णालयात दाखवा. वेळीच कळले तर जबडा हलता ठेवूनच बहुतेक मुलांचा सांधा वाचतो. ज्यांचा जबडा नुसताच दुखतो किंवा 'कट' असा वाजतो, त्यांनी घाबरू नये. मऊ खाणे, शेक आणि जबड्याला थोडी विश्रांती यांनीच बहुतेकांना आराम पडतो.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या आमच्या पहिल्या ५५६ शेजाऱ्यांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा क्रमांक यायचा आहे. शंभर वर्षे जुन्या जिन्यावरून मुले अजून धावत उतरतात. परवा समोरच्या खोलीतली मुलगी पडली आणि तिची आई घाबरून ओरडली. सगळे पाणी आणायला, हळद आणायला धावले. माझा भाऊ मात्र तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आधी आ कर बघू. तीन बोटं जातात का?"

तिची तिन्ही बोटे गेली.